नाक मोजून जात कळत नाही, दात पाहून भूक कळते

५ सप्टेंबर २०१९ रोजी राखीगढीच्या एका बाईविषयीचं संशोधन प्रसिद्ध झालं. हरियाणातल्या या हडप्पाकालीन वस्तीच्या दफनभूमीतून साठेक नमुने तपासल्यावर एकाच सांगाड्यातून वाचता येईल इतका डीएनए हाती लागला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. त्याच दिवशी दुसरा, कितीतरी मोठा शोधनिबंध आला. त्याच्या लेखकांत पहिल्यातली काही नावं होती. तो सांगत होता की हा पशुपालकांचा अंश इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियात उतरला. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर त्यांत कुठेही भांडण नाही. आधी तो अंश इथे नव्हता, नंतर आला.

पण संध्याकाळपर्यंत एका गटाने ‘आर्य बाहेरून आलेच नाहीत’ असं जाहीर करून टाकलं, आणि दुसऱ्याने ‘बघा, हे लोक परकेच’ म्हणून जुना हिशेब काढला. दोघांनाही त्या बाईशी काही देणंघेणं नव्हतं. दोघांनाही सातबारा हवा होता.

हाडं, दात, रक्त आणि जनुकं वाचून माणसाची घडण समजावून सांगणाऱ्या शास्त्राला जैविक मानवशास्त्र म्हणतात. या शास्त्राला आपण सतत चुकीचा प्रश्न विचारतो, असं माझं ठाम मत आहे. कोण आधी आलं, कोण शुद्ध, कोण अस्सल इथलं, हे आपण विचारतो. हे शरीर असं का घडलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र ते फार चांगलं देतं, आणि महाराष्ट्राला त्या उत्तराची आत्ता, आजच्या मुलांसाठी, निकडीची गरज आहे.

पहिल्या प्रश्नाचा नाद आपल्याला जुना आहे. लोकमान्य टिळकांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ शोधलं. त्याआधी जोतीराव फुल्यांनी तीच आर्यांच्या आगमनाची गोष्ट उलटी धरली: आर्य भट आक्रमक, आणि शूद्रातिशूद्र म्हणजे बळीराजाची इथली प्रजा. फुल्यांच्या मांडणीमागे अन्यायाविरुद्धचा संताप होता, आणि तो शंभर टक्के खरा होता. पण ज्या वंशकल्पनेवर ती उभी होती, ती युरोपीय विद्वानांची होती. त्याच कल्पनेला हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने आकड्यांचा पोशाख चढवला. त्याने कॅलिपर, म्हणजे मापं घ्यायचा चिमटा, घेऊन हजारो लोकांची नाकं मोजवली. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा त्याचा निर्देशांक. १८९१ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्याने जातींची सामाजिक उतरंड सरकारी कागदावर आणली.

पुढे जे घडलं ते महाराष्ट्राच्या शाळांत शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अशा वंशमोजणीची शहानिशा करणाऱ्यांत तीन मोठी माणसं मराठी होती. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मध्ये रिस्लेचेच आकडे प्रांतवार लावून पाहिले. उत्तर हिंदुस्थानचा भाग सोडला तर नाक आणि सामाजिक दर्जा यांचा मेळ बसत नाही, असं त्यांना दिसलं. मुंबई इलाख्यात तर नाहीच. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये त्याच मोजमापांच्या तक्त्यांवरून आणखी पुढचं पाऊल टाकलं: एकाच प्रांतातले ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापं एकमेकांना जुळतात, तेव्हा अस्पृश्यता वंशभेदातून आली हा सिद्धान्तच टिकत नाही. हे करताना त्यांनी काय सोडलं ते पाहा. ‘आम्ही इथले मूळचे, तुम्ही आक्रमक’ हे राजकारणाच्या दृष्टीने केवढं धारदार हत्यार होतं. पुरावा तसा नाही म्हणून त्यांनी ते खाली ठेवलं. जातीवरचा त्यांचा हल्ला त्यामुळे बोथट झाला नाही, उलट त्याला पळवाट उरली नाही. वंशच वेगळे नसतील तर या अन्यायाला निसर्गाचा आधार नाही, तो माणसांनी केलेला आहे आणि माणसांनीच मोडला पाहिजे.

तिसऱ्या इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला ऑइगेन फिशर यांच्याकडे डॉक्टरेट करत होत्या. फिशर यांच्या संस्थेच्या नावातच मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र, म्हणजे माणसांची ‘निवडक’ पैदास करू पाहणारं शास्त्र, एकत्र गुंफलेले होते. फिशर स्वतः नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून आले होते आणि अशा मिश्र विवाहांना त्यांचा विरोध होता. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा. ही असमानता वंशागणिक बदलते, युरोपीय कवटी त्यात वरचढ ठरते, असं निघावं ही अपेक्षा होती. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा संबंध आढळत नाही. परक्या देशातली एक तरुण विद्यार्थिनी, समोर मार्गदर्शक म्हणून संस्थेचा संचालक, आणि तिच्या प्रबंधाचा निष्कर्ष त्याच्याविरुद्ध. पुढे त्याच संस्थेने नाझींच्या वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा मुलामा दिला.

परत आल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या वर्षानुवर्षं मोजमापं करत राहिल्या. महाराष्ट्रातल्या एका नावाखाली येणाऱ्या पोटजाती शरीराने एकसारख्या नाहीत, हा त्यांचा महत्त्वाचा निष्कर्ष. एक मूळ जात फुटून पोटजाती झाल्या हे त्यांचे मुंबईतले गुरू घुर्ये यांचं म्हणणं त्यांना मान्य नव्हतं. वेगवेगळे समूह एका व्यवसायाच्या, एका दर्जाच्या नावाखाली शेजारी येऊन बसले, पण बेटीव्यवहार त्यांनी आपापसातच ठेवला, असं त्यांचं मत. गुरूशी मतभेद झाला तो पुराव्यावरून झाला. हीच या शास्त्राची खरी परंपरा, आणि ती आपल्या घरची आहे.

आता जनुकांकडे येऊ. नाकाचं माप घेण्यापेक्षा जनुकं वाचणं कितीतरी भरवशाचं, आणि गेल्या दीड-दोन दशकांत ती भरपूर वाचली गेली. त्यातून निघालेलं चित्र दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना गैरसोयीचं आहे. २००९ आणि २०१३ च्या अभ्यासांनुसार मुख्य भूमीवरचे जवळजवळ सगळे भारतीय समूह निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेले आहेत. मिसळण सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, आणि ती वरवरची नव्हती. ज्यांना आपण डोंगरात एकटे राहिलेले समजतो त्या भिल्लांतही ती आहे. प्रमाण कमीजास्त असतं, आणि उत्तरेकडे व उच्च मानल्या गेलेल्या जातींत गवताळ प्रदेशातला अंश सरासरीने जास्त दिसतो, हेही खरं आहे, ते लपवण्याचं कारण नाही. पण शुद्ध असं कुणी शिल्लक नाही.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मिसळण थांबली. गेल्या सुमारे दोन हजार वर्षांत लोकांनी आपापल्या समूहाबाहेर लग्न करणं इतकं कमी केलं की त्याची खूण आजच्या रक्तात वाचता येते. आंध्रातल्या वैश्य समाजात तर शेजारच्या समूहांतून जनुकांची आवक इतका काळ जवळपास बंदच राहिल्याचं दिसतं. २५ वर्षांच्या आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात मांडलं होतं की जातीचं मर्म अंतर्विवाहात आहे, बाकी सगळं त्याभोवतीचं आवरण. त्यांच्याजवळ तेव्हा ना डीएनए होता ना संगणक. रक्ताच्या नमुन्यांनी शंभर वर्षांनी त्यांच्या म्हणण्याला दुजोरा दिला.

म्हणजे क्रम नीट लक्षात घ्यायला हवा. रक्त वेगळं होतं म्हणून जाती झाल्या, असं घडलेलं नाही. जाती केल्या म्हणून रक्त थोडंथोडं वेगळं होत गेलं. आणि त्याची किंमत मोजावी लागते. लहान समूहातच पिढ्यान्‌पिढ्या लग्नं झाली की एखाद्या पूर्वजाचा सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत हा परिणाम, त्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र निघाला, आणि त्यांतल्या १४ समूहांची लोकसंख्या दहा लाखांवर होती. नात्यात लग्न नको, हे आता बऱ्याच घरांत पटलेलं आहे. पण ‘आपल्यातच’ लग्न हेसुद्धा लांबच्या नात्यातलंच लग्न असू शकतं, हे कुणी सांगत नाही. वधूवर मेळाव्याच्या मांडवात हे सांगायला हवं.

त्वचेच्या रंगाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते गणित आता बरंच सुटलेलं आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून शरीरातलं फॉलेट हे जीवनसत्त्व वाचवायला गडद रंग उपयोगी, आणि ऊन कमी असलेल्या भागात ड जीवनसत्त्व तयार व्हायला फिकट. रंग हजारो वर्षांच्या उन्हाची नोंद आहे. भारतीयांत रंग उजळ करणारा एक प्रमुख जनुकीय बदल युरोपात आढळतो तोच आहे आणि इथे तो कमीजास्त प्रमाणात देशभर पसरलेला आहे, एकाच घरात सख्ख्या भावंडांत सुद्धा. ‘गोरी, सुस्वरूप’ असं छापणाऱ्यांनी त्यावर वंशाचा इमला चढवू नये, इतकंच.

उंचीवर मात्र मला थांबायचं आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं ते शेतकऱ्यांचं गाव. घराच्या जमिनीखाली, राहत्या खोलीतच, मेलेली मुलं पुरलेली सापडली: दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत मूल. दोनशेहून अधिक दफनं निघाली, त्यांत बहुतेक लहान मुलांची. ही हाडं पुण्यात जपून ठेवली गेली. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांचे दात एकेक करून पाहिले.

दुधाच्या दाताचं कवच आईच्या पोटात असतानाच बनू लागतं आणि जन्मानंतरच्या वर्षभरात पुरं होतं. हाड मोडलं तर जुळतं, पण दाताचं कवच एकदा बनलं की पुन्हा दुरुस्त होत नाही. त्या काळात आईला किंवा बाळाला पुरेसं अन्न मिळालं नाही, मोठा आजार झाला, तर खूण कायम राहते. इनामगावच्या काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर पुढच्या बाजूला असा एक उथळ, गोलसर खड्डा आहे, नखाने टोचल्यासारखा. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपासमारीची ती पावती आहे. गावाच्या शेवटच्या टप्प्यातल्या मुलांची हाडंही वयाच्या मानाने अधिक खुरटलेली दिसतात. त्या काळात घरं लहान झाली होती. पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला.

हा दात पाहून कुणी विचारील का, की हे मूल आर्य होतं की द्रविड? विचारायचं असलंच तर हे विचारावं की त्याच्या आईला काय खायला मिळत होतं.

आणि तेच आजच्या मुलांबद्दल विचारावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ३४ टक्के होता. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणना होणाऱ्या राज्यात तीनातलं एक मूल खुंटलेलं आहे. यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं आणि ते शिकलेल्या माणसांकडून मिळतं: ‘आपल्या लोकांची अंगकाठीच लहान, परदेशी मापं आपल्याला का लावता?’ नाकाच्या निर्देशांकाचाच हा नवा अवतार आहे, फक्त आता तो रिस्लेच्या तोंडी नसून आपल्या तोंडी आहे. भुकेला वंश म्हटलं की भूक भागवण्याची जबाबदारी संपते.

याला चोख उत्तर उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या मुलांची वाढ मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. भारतातली मुलं दिल्लीची होती. अट एवढीच की मूल आईच्या दुधावर वाढलेलं, नीट पोसलेलं आणि निरोगी परिस्थितीतलं असावं. निकाल असा की या मुलांच्या उंचीतल्या एकूण फरकापैकी जेमतेम ३ टक्के फरक देशांमुळे होता, ७० टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांतला होता. नॉर्वेचं मूल आणि दिल्लीचं मूल, दोघांना पोटभर आणि वेळेवर मिळालं तर सुरुवातीची पाच वर्षं ती जवळपास सारखीच वाढतात. दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नाहीत. ताटातलं अन्न, पाणी आणि शौचालय बदलतं.

मोठ्या माणसांच्या उंचीत जनुकांचा वाटा नसतोच, असं मी म्हणत नाही. भाऊ-भाऊ वेगळे निघतात ते त्यामुळेच. पण गडचिरोली आणि पुण्याच्या कोथरूडमधल्या मुलांच्या सरासरीतला फरक त्या खात्यात टाकता येणार नाही.

इथे पुण्याच्याच आणखी एका कामाचा उल्लेख करायलाच हवा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा करत आले. नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. कमी वजन तर दिसतंच होतं, पण याज्ञिकांनी कॅलिपरच्या चिमटीत बाळाच्या पाठीवरच्या कातडीची जाडी मोजली. बाळ सगळीकडून सारखं बारीक नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळपास राखलेली. ‘बारीक पण चरबीवालं’ बाळ. गर्भात पोषण कमी पडलं तेव्हा शरीराने काय वाचवायचं आणि काय सोडायचं ते ठरवलं होतं. हीच बाळं मोठी होऊन भरपूर खाऊ लागली की मधुमेहाला लवकर बळी पडतात. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, बरोबर २२.३, पण ब्रिटिश माणसाच्या अंगात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. या कामानंतर ‘बारीक आहे म्हणजे साखर नसणार’ हे म्हणणं कुणा डॉक्टरला शोभत नाही.

कॅलिपर तोच. रिस्लेच्या हातात त्याने माणसांची उतरंड लावली, याज्ञिकांच्या हातात त्याने गरोदर बाईच्या ताटाचा प्रश्न उभा केला. म्हणूनच हे शास्त्र पुरतं कलंकित झालं, ते टाकूनच द्यावं, हे काही विद्वानांचं म्हणणं मला मुळीच पटत नाही. ते टाकलं तर खुज्या मुलाच्या बाजूने साक्ष द्यायला कुणी उरणार नाही.

सिकलसेलची गोष्ट तर माझ्या मुद्द्याचा गाभाच आहे. भारतात हा आजार प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलतं, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडंहाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात. अमेरिकेत याला वर्षानुवर्षं ‘काळ्यांचा आजार’ म्हटलं गेलं. आपल्याकडे ‘आदिवासींचा आजार’ म्हणतात. दोन्ही म्हणणी वंशाच्या चष्म्यातून आली आहेत. हा जनुक ग्रीसच्या काही भागांत आहे, सौदी अरेबियाच्या पूर्वेला आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या झोसा लोकांत फारसा नाही. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की हा जनुक जिथे मलेरिया होता तिथे टिकला. आई आणि वडील यांपैकी एकाकडूनच तो आलेल्या माणसाला, म्हणजे वाहकाला, मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. १९५८ मध्ये फ्रँक लिव्हिंगस्टन या मानवशास्त्रज्ञाने त्याला शेतीची बाजू जोडली. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती आली, उघड्या पाण्याची डबकी झाली, डास वाढले, मलेरिया वाढला, आणि त्याबरोबर हा जनुक वाढला. म्हणजे माणसाने जमीन बदलली आणि जमिनीने माणसाचं रक्त बदललं.

विदर्भात हा जनुक गोंड, परधान, माडियांत आहे, तसाच महार, कुणबी, तेली समाजांतही आहे. नंदुरबारला भिल्ल आणि पावरा समाजांत आहे. तो जातीचा दाखला पाहून येत नाही, पण बेटीव्यवहार जातीत बंद असल्यामुळे तो जातीत साचतो. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकदम समजून घेतल्याशिवाय या आजाराचं काम नीट होणार नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी तपासणी अगदी साधी आहे. बोटाचं थेंबभर रक्त एका नळीतल्या द्रावणात टाकायचं, काही मिनिटं थांबायचं, आणि नळीच्या मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर माणूस वाहक असेल किंवा पीडित, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून हा जनुक आलेला. यातलं नेमकं काय, ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी केल्यावर कळतं. या दोन शब्दांतला फरक एखाद्या मुलीच्या आयुष्याचा फरक असतो. वाहक आजारी नसतो. त्याला सहसा औषध लागत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात पीडित मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाने वाहक नसलेल्याशी, पीडितही नसलेल्याशी लग्न केलं तर पीडित मूल होत नाही.

हे नीट समजावलं नाही तर काय होतं ते विदर्भात काम करणारी कुठलीही आशाताई सांगेल. तपासणीच्या निकालाचं कार्ड हातात पडतं, गावात बोभाटा होतो, आणि मुलीचं जमलेलं लग्न मोडतं. मुलाचं कार्ड कुणी विचारत नाही. मग पुढच्या वेळी बाया तपासणीलाच येत नाहीत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन करायचं ठरलं आहे. मोहीम चांगली आहे, तिला माझा पाठिंबा आहे. पण किती नळ्या गढूळ झाल्या याची मोजदाद ठेवायची आणि समुपदेशक कंत्राटावर, तोही दोन तालुक्यांना एक, असं चालणार असेल तर आपण लोकांच्या हातात शिक्का देत आहोत, ज्ञान नाही. पीडितांना वेदनेचे झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या दर महिन्याला, न चुकता, गावाजवळच्या केंद्रात मिळाल्या पाहिजेत. आणखी एक गोष्ट: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, पण सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात रक्ताच्या आजारांना जागा ठेवली नाही. महिन्यातून चार दिवस वेदनेने अंथरुणाला खिळणाऱ्या तरुणाने कोणती नोकरी टिकवावी?

अशा कामाला माणसं आणि पैसा हवा असताना २०२२ मध्ये बातमी आली की केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाला भारतीय लोकसमूहांच्या ‘वांशिक शुद्धते’चा जनुकीय अभ्यास करायचा आहे. मंत्रालयाने बातमी दिशाभूल करणारी असल्याचं सांगितलं, शास्त्रज्ञांनी आणि इतिहासकारांनी पत्र लिहून विरोध केला. अशी योजना कागदावर असो वा नसो, ती मागणारी माणसं समाजात भरपूर आहेत, आणि ती एकाच पक्षात नाहीत. ‘मूळ कोण’ हे डीएनएने ठरवावं ही मागणी आदिवासींच्या आणि बहुजनांच्या हक्कांसाठी झगडणारेही करतात. त्यांना मी कळकळीने सांगतो, या वाटेने जाऊ नका. वनहक्क हे कुणाच्या हाडांतून आलेले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवर सरकारने बेकायदेशीरपणाचा शिक्का मारला, तो अन्याय दुरुस्त करायला २००६ चा कायदा झाला. आरक्षणही आधी आल्याबद्दल मिळत नाही. उद्या एखाद्या प्रयोगशाळेने सांगितलं की तुमच्या समूहात बाहेरचा अंश जरा जास्त आहे, तर तुमचा हक्क कमी होणार का? हा प्रश्न ज्या दिवशी आपण शास्त्राच्या हाती देऊ त्या दिवशी हरलो.

मग जात मोजायचीच नाही का? मोजायलाच हवी. येत्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे, आणि ती रिस्लेची पुनरावृत्ती असल्याची भीती काही भले लोक व्यक्त करतात. मला ती भीती वाटत नाही, एका अटीवर. रिस्लेने जात मोजली ती माणसांचा प्रकार म्हणून. आपण ती कारण म्हणून मोजायला हवी. जात अजूनही ठरवते की कोणाचं लग्न कोणाशी, कोणाच्या वस्तीत नळ कधी आला, कोणती आई गरोदरपणात शेतात मजुरीला जाते आणि कोणती जात नाही. यातून शरीरं घडतात. बाळाचं वजन, हिमोग्लोबिन, सिकलसेलचा जनुक, दाताच्या कवचावरचा खड्डा, हे सगळं त्या घडणीत येतं. म्हणून आरोग्याच्या प्रत्येक सर्वेक्षणात जात आणि पोटजात विचारली जावी, आणि निष्कर्ष मुंबई-दिल्लीच्या अहवालात न पुरता ज्या गावातून रक्त घेतलं त्या गावच्या ग्रामसभेत, त्यांच्या बोलीत, समजावून सांगितले जावेत. धडगावच्या पावऱ्यांना त्यांच्या रक्ताबद्दल सर्वांत आधी कळायला हवं, आणि त्या रक्तावर पुढचं संशोधन करायचं की नाही हे त्यांना विचारूनच ठरायला हवं.